पाप पदरी घ्या, पण पदराला गाठ मारू नका

तेविसाव्या वर्षी मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा खजिनदार होतो. नाताळच्या वर्गणीतले १२०० रुपये मी घरातल्या अडचणीला वापरले. पुढच्या पगाराला परत ठेवू, असं मनाशी म्हटलं होतं. ठेवायला चार महिने लागले. हिशेब जुळला, कुणाला पत्ता लागला नाही. त्यानंतरची अकरा वर्षं मी प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत पुढे मेजाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) रविवारी शेवटच्या बाकावर बसत होतो. लोक पुढे जायला उठले की गुपचूप बाहेर सटकता यावं, एवढ्यासाठी. दानाच्या थैलीत मात्र ऐपतीपेक्षा जास्त टाकायचो.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तेव्हाही मला पाठ होता. ख्रिस्तात जे आहेत त्यांना दंडाज्ञा, म्हणजे शिक्षेचा निकाल, नाही, हे वाक्य मी संडे स्कूलच्या मुलांना शिकवतही होतो. ते आपल्याला लागू होतं एवढंच वाटत नव्हतं. ज्यांची गत अशी आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढच्या पायऱ्या मी स्वतः चढलो आहे आणि नंतर बऱ्याच जणांच्या सोबतीने पुन्हा चढलो आहे. त्यांचा क्रम सोडू नका. मधल्या पायऱ्या गाळून थेट "प्रभू, मला शांती दे" इथे उडी मारली की शांती मिळते खरी, पण बुधवारपर्यंत विरून जाते.

आधी त्याला नाव द्या

एक वही घ्या. मोबाईल नको, हाताने लिहा. मनाला जे टोचतं ते एका वाक्यात लिहा: कोणी, काय, कोणाला. "मी फार पापी आहे" हे वाक्य चालणार नाही. ते ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात कबूल काहीच केलेलं नसतं. "मी भावाच्या सहीचा कागद त्याला न विचारता वापरला" हे वाक्य झालं.

वाक्य लिहून झालं की त्याची जात ओळखा. माझ्या अनुभवात टोचणी तीन प्रकारची असते. पहिली खऱ्या पापाची. दुसरी लोकलज्जेची, म्हणजे चारचौघांत मान खाली गेली त्याची. तिच्यात देवाचा संबंध असेलच असं नाही. दहावीत नापास होणं, लग्न मोडणं, मूल न होणं याची लाज वाटते, म्हणून ते पाप होत नाही. तिसरी टोचणी जे आपल्या हातात नव्हतंच त्याची. हिला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, कारण हीच सगळ्यात जास्त छळते.

उदाहरणार्थ, आई गेली तेव्हा मी आखातात कामावर होतो. कोरोनात वडिलांना इस्पितळाच्या दारात सोडलं आणि परत पाहिलंच नाही. बाळ पोटातच गेलं. अशा वेळी आपल्याकडे, ख्रिस्ती घरांतसुद्धा, कुणीतरी हळूच म्हणतंच, "काहीतरी चुकलं असेल." कर्माचा हिशेब आपल्या हाडीमांशी मुरलेला आहे, बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो एका दिवसात धुतला जात नाही. येशूच्या शिष्यांच्याही तो अंगवळणी पडला होता. जन्मांध माणसाला पाहून त्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने सांगितलं, यानेही नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा ती बाकी यरुशलेमकरांहून जास्त अपराधी होती का, असा सवाल त्याने स्वतःच केला आणि स्वतःच "नाही" म्हटलं (लूक १३). या टोचणीला क्षमा मागायची नसते, तिच्यासाठी रडायचं असतं. वहीत त्या वाक्यासमोर "शोक" असं लिहा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. लहानपणी किंवा नंतर कुणी तुमच्या शरीराशी, अब्रूशी खेळलं असेल, तर ते पाप तुमच्या वहीत येत नाही. ते दुसऱ्याच्या खात्यावर आहे. "मी ओरडले का नाही", "मी तिथे गेलोच का" असले प्रश्न कितीही रात्री पडोत, खातं बदलत नाही.

मग पदरी घ्या

योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, आपलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, "पापे पदरी घेणे" असा शब्दप्रयोग करतं. मला तो फार आवडतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ "तेच म्हणणे" असा आहे. देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरीच म्हणायचं. उसनवारी, अडचण, परिस्थिती म्हणायचं नाही. मराठीने त्यात पदर आणला. हे माझं आहे, मीच ते झेलतो.

कसं करायचं? वहीतलं पहिल्या प्रकारचं वाक्य घ्या आणि मोठ्याने वाचा. दार लावून घ्या, पण ओठांतून आवाज येऊ द्या. मनातल्या मनात केलेली कबुली निसटून जाते. तिला चट्कन "पण" फुटतात. "मी घेतले, पण तेव्हा पगार झाला नव्हता." या "पण"च्या पुढचं सगळं खोडा. दाविद राजाचं ५१वं स्तोत्र काढून बघा. अख्ख्या स्तोत्रात तो एकही सबब सांगत नाही, आणि त्याच्याकडे सबबी काही कमी नव्हत्या. कबुली दिली नाही तर काय होतं तेही ३२व्या स्तोत्रात आहे: गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यात सुकावं तसा माझ्यातला ओलावा सुकून गेला. ज्याने काही दडवून ठेवलेलं आहे, त्याला त्या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

कबुली एकदाच. नीट, पूर्ण आणि एकदाच. खाली तारीख घाला. ही तारीख पुढे उपयोगी पडणार आहे.

ज्याचं त्याला परत करा

ही पायरी आमच्या प्रवचनांत फारशी येत नाही. क्षमा फुकट आहे असं सांगता सांगता भरपाईही माफ, असा लोकांचा समज होऊन बसतो. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र साफ आहे. फसवून घेतलेलं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालून द्यायचं (लेवीय ६). येशू म्हणतो, वेदीशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट करून ये (मत्तय ५). लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट देतो म्हणून सांगितलं. तिथला क्रम मात्र नीट बघा. येशू आधी त्याच्या घरी गेला, गाव कुरकुरलं, आणि त्यानंतर जक्कयाला पैसे सुचले. चौपट देऊन त्याने येशूला घरी आणलं नाही.

असं लपवण्याच्या अकराव्या वर्षी मी आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांजवळ हे बोललो. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे ठेवलेस ते बरं झालं. पण सांगितलंस कोणाला?"

"कोणालाच नाही, दादा."

"मग लपवलेलं अजून लपलेलंच आहे की, बाळा."

पुढच्या आठवड्यात मी तरुण संघाच्या तेव्हाच्या कार्यकर्त्यांपुढे उभा राहिलो. १२०० परत केलेच होते; पाचव्या हिश्शाचे २४० रुपये टेबलावर ठेवले. दोघं हसले, एक जण चिडला, एकाला ते वर्ष आठवतही नव्हतं. दहा मिनिटांत विषय संपला. माझी अकरा वर्षं त्या दहा मिनिटांना घाबरण्यात गेली होती.

भरपाईला एक कुंपण मात्र हवं. आपली छाती हलकी व्हावी म्हणून दुसऱ्याच्या छातीवर दगड ठेवायचा नाही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला वीस वर्षांपूर्वीचं काही सांगून त्याचा संसार हलणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला. उलट, कुणाच्या जिवाला धोका असेल, एखाद्या मुलावर अत्याचार झाला असेल, तर "देवाने क्षमा केली" म्हणून प्रकरण मिटवता येत नाही. तिथे कायद्याचं दार ठोठवावंच लागतं. देवाची क्षमा आणि कोर्टाची शिक्षा एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं, तरी त्याला खाली कुणी उतरवलं नाही.

एका माणसाला सांगा

एकालाच. याकोबाचं पत्र एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. कॅथलिकांना त्यासाठी बांधलेली सोय आहे: गोव्यात जिला कुमसार म्हणतात ती. तिथे ऐकलेलं फादरांना जन्मात कुठे बोलता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तशी चौकट नसते, म्हणून माणूस निवडताना डोळे उघडे ठेवा. तोंड घट्ट असलेला, स्वतः कधीतरी पडून उठलेला, आणि तुमच्या गोष्टीत ज्याला रस नाही असा बघा. "प्रार्थनेची विनंती" म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपच्या तीन ग्रुपांवर फिरलेली मी पाहिली आहे.

सांगायचं कशासाठी? सल्ल्यासाठी नाही. क्षमा झाली, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावं यासाठी. स्वतःच स्वतःला सांगितलेलं आपण पटवून घेत नाही.

निकाल कोण देतो ते ओळखा

जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात एक कोर्ट भरलं आहे. महायाजक यहोशवा मळकी वस्त्रं घालून उभा आहे आणि त्याच्या उजवीकडे सैतान आरोप करायला ठाकला आहे. सैतान या इब्री शब्दात विरोधकाचा, आरोप करणाऱ्याचाच अर्थ आहे. यहोशवाच्या अंगावरचे कपडे खरोखर मळके होते. आरोप खोटा होता असं कुठेच म्हटलेलं नाही. तरी परमेश्वर धमकावतो तो आरोप करणाऱ्याला, आणि यहोशवाला नवीन कपडे घालायला लावतो. प्रकटीकरणात सैतान हा बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा आहे. आणि योहानाच्या पत्रात येशूला आपल्या मराठी शास्त्राने शब्द दिला आहे "कैवारी". शुभवर्तमानात तोच शब्द पवित्र आत्म्यालाही आहे. म्हणजे रात्री दोन वाजता मनात जो आवाज बोलतो, त्याला विचारायचा प्रश्न एवढाच: हा दोष देणारा आहे की कैवारी?

फरक ओळखता येतो. कैवारी नेमकं बोलतो: हे वाक्य, हा माणूस, इथे जा, परत कर. दोष देणारा मोघम बोलतो: तू असाच, तुझ्या घराण्यातच हे, आता काही उपयोग नाही. कैवाऱ्याच्या बोलण्याला पुढची पायरी असते. दोष देणाऱ्याच्या बोलण्याला नुसतं भोवऱ्यासारखं फिरणं असतं.

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा एकाच रात्री पडले: पेत्राने त्याला ओळखत नाही म्हटलं, यहूदाने पैसे घेऊन त्याला धरून दिलं. यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने ३० नाणी परत नेऊन टाकली, "मी पाप केलं" असंही म्हणाला. पण तो ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? पेत्रासाठी येशूच्या रिकाम्या कबरेपाशी निरोप होता: त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. नावानिशी. पुढे तलावाकाठी येशूने पेटवलेल्या कोळशांवर मासळी भाजली. कोळशाच्या विस्तवाला योहानाने इथे जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो साऱ्या नव्या करारात फक्त दोनदा येतो: एकदा पेत्र शेकत उभा राहून नाकारत होता तिथे, आणि दुसऱ्यांदा इथे. तोच धूर, तोच वास, आणि तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? येशूने जखम टाळली नाही आणि टोमणाही मारला नाही. आधी नाश्ता दिला, मग विचारलं.

येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्राचं ऐका, बापाकडून वाटणी घेऊन ती उडवून बसलेल्या. लूक १५ मध्ये तो डुकरांजवळ बसून भाषण पाठ करतो. १९व्या वचनात शेवटचं वाक्य आहे: मला मजुरांपैकी एकासारखं ठेवा. २१व्या वचनात तो ते बापापुढे म्हणू लागतो, आणि शेवटचं वाक्य येतच नाही. बाप बोलू देत नाही. उत्तम झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला, असं चाकरांना सांगून मोकळा होतो. माझी दानाच्या थैलीतली जादा नोट म्हणजे ते मजुरीचं वाक्य होतं. पोरगा म्हणून ठेवू नका, मजूर म्हणून ठेवा, म्हणजे मी फेडत राहीन. ऐकायला किती विनम्र! खरं तर तो बापाच्या उपकाराखाली न येण्याचा अहंकार आहे.

ही खात्री एका दिवसात येते असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पापाचं ओझं खरोखर उतरलं, ही जाणीव त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. तोवर धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि रमाबाईंना शास्त्र कमी येत होतं असं कोण म्हणेल?

विचार परत येतो तेव्हा

येतोच. कबुली झाली, भरपाई झाली, तरी पुढच्या मंगळवारी भांडी घासताना येतो. त्या वेळी पुन्हा क्षमा मागू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण इथेच गाडी रुळावरून घसरते. वही उघडा, तारीख बघा आणि म्हणा: "प्रभू, हे त्या दिवशी तुझ्या हाती दिलं. आभारी आहे." मग भांडी पुरी करा. "माझं मन मला दोष देतं" असं वाटलं तर योहानानेच उत्तर देऊन ठेवलं आहे, की देव आपल्या मनाहून थोर आहे. "देवाने केली, पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही" असंही म्हणतात. स्वतःला क्षमा करण्याचं काम शास्त्राने आपल्याकडे दिलेलंच नाही. मी स्वतःचाही न्याय करत नाही, असं पौल करिंथकरांना लिहितो. न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठा, झालं.

दादांनी मला हेच त्यांच्या भाषेत सांगितलं. २४० रुपये देऊन महिना झाला तरी मी शेवटच्याच बाकावर. उपासना सुटल्यावर त्यांनी दंड धरला. "मुद्दल दिलंस. वरचं दिलंस. आता हे रोजचं व्याज कोणाला भरतोयस रे?"

काही जणांच्या बाबतीत मात्र नुसती वही पुरत नाही. एकच पाप पन्नासदा कबूल करणं, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पहिल्यापासून म्हणणं, नको ते घाणेरडे किंवा देवनिंदेचे विचार आले म्हणून हादरून जाणं, आपल्या हातून अक्षम्य पाप घडलं या धास्तीने जेवण न जाणं. अक्षम्य पापाबद्दल एवढंच, की मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशू ते कुणाला उद्देशून बोलला याचं कारण पुढच्याच वचनात आहे: डोळ्यांदेखत देवाचं काम बघून त्याला अशुद्ध आत्म्याचं म्हणणाऱ्यांना. ते लोक घाबरलेले नव्हते. तुम्ही घाबरलेले आहात, हेच पुरेसं बोलकं आहे.

ही धास्ती मोठमोठ्यांना झाली आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर १५०५ मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात गेला आणि कबुलीला बसला की तासन्‌तास उठत नसे. शेवटी त्याचे गुरू श्टाउपित्स यांनी त्याला सांगितलं, स्वतःत खणत बसू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला असताना, संपूर्ण कबुली लिहून दिल्यावरसुद्धा, जुनी पापं आठवून आठवून इतका पिचला की जीव द्यावासा वाटला. मग त्याने ठरवलं, जुनं पुन्हा कबूल करायचं नाही. तिथून तो सावरू लागला. आज डॉक्टर अशा त्रासाला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार मानतात. त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही. साखर वाढली की आपण मधुमेहाच्या डॉक्टरकडे जातोच की. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर टाकू नका, आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

मेजाशी जा

प्रभुभोजनापासून दूर राहणाऱ्यांच्या तोंडी एक वचन हमखास असतं: अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी ठरेल (१ करिंथ ११). तो अध्याय जरा वरपासून वाचा. करिंथात श्रीमंत आधीच येऊन पोटभर खात होते, पीत होते, आणि गरीब उपाशी राहत होते. पौलाचा राग त्या पद्धतीवर आहे. मग तो म्हणतो, माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं, असं लिहिलेलं नाही. मी ते अकरा वर्षं चुकीचं वाचत होतो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दादांच्या शेजारी, पुढून तिसऱ्या बाकावर बसलो. लोक उठले. सवयीने नजर दाराकडे गेली. दादा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "हात दे रे, गुडघा दुखतोय." त्यांना धरून पुढे न्यावं लागलं, आणि तिथे पोचल्यावर मग परत फिरायला काही जागाच उरली नाही.